भंगारातून वीज: शाळेतल्या पोरांकडून खरंखुरं काय करून घेता येईल?

झेडपी गुरुजी (२९ जून, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सहावी ते आठवीचं विज्ञान माझ्याकडं, तिन्ही वर्ग मिळून ४१ पोरं. विचारायचं ते सरळ आहे पण आधी मागचं सांगतो, थोडं लांबेल.

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही पवनचक्की नेली होती. थर्माकोलचा हिरवा डोंगर, वर प्लास्टिकचा पंखा, आणि डोंगराच्या पोटात सेल. बटण दाबलं की पंखा फिरायचा, खालच्या घरात दिवा लागायचा. प्रमाणपत्र मिळालं. परत येताना काळीपिवळीत सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पंख्यानं दिवा लागायला पाहिजे ना? आपल्यात तर सेलच दोन्ही चालवून राहिला." मी कायतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्या रात्री नीट झोप लागली नाही. पोरीनं बरोब्बर पकडलं होतं, आणि ते मॉडेल मीच करून घेतलं होतं.

यावर्षी सेल लपवायचा नाही असं ठरवलंय. जे चालेल ते चालेल, नाही चाललं तर का नाही ते पोरं वहीत लिहितील. सामान शक्यतो भंगारातलं, खर्च वर्षभराचा हजाराच्या आत. वीज हा विषय आमच्या पोरांना पुस्तकी नाही, कुणाचा ना कुणाचा बाप रात्री बॅटरी घेऊन ओलिताला जातो कारण पंपाची थ्री फेज रात्रीची असते.

तर, वारा, ऊन, शेण, पायडल, यातलं काय जमतं? तुम्ही स्वतः हातानं केलेलं सांगा. आणि धोका कुठं आहे तेही सांगा, लेकरं लोकांची आहेत.

भंगारभौ (२९ जून, रात्री १०:१५)

गुरुजी माझं दुकानच भंगाराचं हाय, हिंगणघाटले. जुने प्रिंटर लय येतेत. एकेकात दोन दोन मोटरा राह्यतेत, चांगल्या चालू. आम्ही त्या तांब्यासाठी फोडतो. तुमच्या पोट्ट्यायसाठी मी वीस-पंचवीस बाजूले ठेवतो, पैशाचं पाहू मंग. टेपरेकॉर्डर, सीडीवाले डबे, चुलीचे भाते, सायकलीचे डायनॅमो (हे आता कमी येतेत), काय पाह्यजे ते सांगा.

मोहफूल (२९ जून, रात्री १०:२२)

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या गडचिरोलीकडं पण हाच प्रश्न आहे, वाचत राहीन.

काटोलचा संत्रा (२९ जून, रात्री ११:०५)

चांगला धागा. मी मेकॅनिकलवाला, गाव काटोल, नोकरी पुण्याला.

गुरुजी, वाऱ्यापासून सुरुवात करू नका असं मनापासून सांगतो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनात जाते, म्हणजे वारा दुप्पट झाला तर ताकद आठपट आणि वारा अर्धा झाला तर ताकद आठवा हिस्सा. हिशोबच करू. फूटभर रुंद, फूटभर उंच पंखा, वारा सेकंदाला ३ मीटर म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास, पानं हलतात तेवढा. त्या तेवढ्या जागेतून जाणाऱ्या वाऱ्यात सगळी मिळून दीड वॅट ताकद. त्यातली सगळी काढताच येत नाही, कितीही भारी पंखा केला तरी ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, याला बेट्झची मर्यादा म्हणतात. घरी पत्रा कापून केलेल्याला दहा टक्के मिळाले तरी खूप झालं. मग मोटरचे नुकसान वेगळे. राज्यातल्या मोठ्या पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवड्याला, धुळ्याच्या ब्राह्मणवेलला आहेत त्या उगाच नाहीत, वारा तिथं आहे. आपल्याकडं वर्षातले बरेच महिने पान हलत नाही.

हातानं फिरवायच्या मोटरपासून सुरू करा. पोरांना पहिल्याच दिवशी दिवा लागलेला दिसला पाहिजे.

कास्तकार (३० जून, सकाळी ६:४०)

संत्राभौ तुम्ही पुण्याले राहून राहिले म्हणून विसरले. आखाडात आमच्या वावरात येऊन पहा, तुरीच्या पाट्या उडते असं वारं राह्यते. मृगाच्या आधीचं वारं तं विचारूच नका, दरसाल कोणाचे ना कोणाचे टिनं उडतेत. वारं नाई म्हणू नका, बाराही महिने राह्यत नाई असं म्हणा.

काटोलचा संत्रा (३० जून, सकाळी ९:१०)

मान्य. जून-जुलै-ऑगस्ट धरा, आणि वावराच्या धुऱ्यावर उंच बांबू रोवून, शाळेच्या आवारात नाही. भिंत, झाड आडवं आलं की वारा घोटाळतो.

वायरमन दादा (३० जून, दुपारी १:३०)

मी २२ वर्षं लाईनवर काम केलंय, आता आयटीआयच्या पोरांना शिकवतो. भंगारभौनी सांगितलेल्या प्रिंटरच्या मोटरा म्हणजे बहुतेक स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी मोटर), आणि शाळेसाठी त्याहून चांगली वस्तू नाही. खेळण्यातली छोटी मोटर भरपूर वेगानं फिरवावी लागते तेव्हा कुठं व्होल्टेज येतं. स्टेपर हळू फिरवली तरी चार-पाच व्होल्ट देते.

करायचं कसं ते लिहितो, चार वायरची स्टेपर घ्या.

आधी जोड्या शोधा. मीटर नसलं तरी जमतं. दोन वायरी एकमेकींना चिकटवा आणि बोटानं दांडा फिरवा. एकदम जड झाला तर त्या दोन एकाच गुंडाळीच्या, तसाच हलका राहिला तर दुसरी जोडी धरून पहा. पोरांना हे लय आवडतं, डोळे मिटून ओळखतात.

मग एका जोडीला दोन एलईडी लावा, लाल आणि हिरवा, पण उलटसुलट, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. दांड्यावर बाटलीचं झाकण बसवून फिरवा. हळू फिरवलं की लाल, हिरवा, लाल, हिरवा असे आळीपाळीनं लागतात. एसी म्हणजे काय हे फळ्यावर शिकवायची गरजच उरत नाही, करंट उलटसुलट जातो ते डोळ्यानं दिसतं. जोरात फिरवलं की दोन्ही चालूच दिसतात. नंतर चार डायोड (१एन४००७, बऱ्याच जुन्या चार्जरच्या सर्किटवर सापडतात) लावून एकाच दिशेचा करंट करून दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवा काढून फिरवायला लावा, मग दिवा जोडून. दिवा जोडला की हाताला जड लागतं. माझ्या वर्गातला एक पोरगा थांबला, पुन्हा दिवा काढला, पुन्हा लावला, असं सात-आठ वेळा केलं आणि म्हणाला "सर, दिवा माझा हात ओढून राहिला." तीस वर्षांत इतक्या सोप्या शब्दात मला कुणी जनरेटर समजावून सांगितला नव्हता.

धोक्याचं: मायक्रोवेव्हच्या खालची ताट फिरवायची छोटी मोटर दिसायला गरीब असते, पण हातानं फिरवली तर शे-दोनशे व्होल्ट मारते. पोरांच्या हातात देऊ नका. मोबाईल-लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडू नका, फुगलेली असेल तर हातच लावू नका, पेट घेते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं आणि तेजाब. सीएफएल फुटला तर पारा. जुना डब्बा टीव्ही आणि कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय प्लग काढल्यावरही झटका देऊ शकते. हे पाच जण शाळेच्या दारातून आत येऊ देऊ नका, बाकी सगळं चालतं.

कास्तकार (३० जून, दुपारी २:०५)

वायरमन दादा, कूलरची मोटर चालन का? आमच्या गावात घरपरत दोन मेलेले कूलर पडून हायेत.

वायरमन दादा (३० जून, दुपारी २:२०)

नाही चालत. कूलरच्या पंख्याच्या मोटरीत चुंबक नसतं. हातानं जन्मभर फिरवा, काही निघणार नाही. पण हे सुद्धा पोरांना करून पाहू द्या, एक प्रिंटरची आणि एक कूलरची शेजारी ठेवा. "ही का देत नाही" हा प्रश्न "ही का देते" पेक्षा जास्त शिकवतो. कूलरचं पातं आणि पत्रा मात्र कामाचा.

सावजी रस्सा (३० जून, दुपारी ३:००)

विदर्भात कूलर कुठल्याही धाग्यावर निघतोच 😄

मेळघाटची ताई (३० जून, रात्री ८:४५)

आश्रमशाळेत शिकवते, धारणीकडे. आम्ही सूर्यचूल केली होती दोन वर्षांपूर्वी, जसं झालं तसं लिहिते.

खोका टीव्हीचा, त्याच्या आत दुसरा लहान खोका, मधल्या फटीत जुन्या गोधडीच्या चिंध्या ठासून. आतून चकाकी हवी तर आम्ही कुरकुऱ्या-चिप्सची पाकिटं गोळा केली, उलटी करून, साबणानं तेल धुवून, खळीनं चिकटवली. शंभराच्या वर पाकिटं लागली. तळाला पत्रा, चुलीच्या काजळीत थोडं तेल कालवून काळा केला. वर खिडकीची काच. झाकणाला आतून तीच पाकिटं, ते काठीनं तिरकं उभं करून ऊन आत टाकायचं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. भात साडेदहाला ठेवला, दोन वाजता पाहिलं तर कोमट पाणी आणि फुगलेले तांदूळ. पोरी हिरमुसल्या. मग एक जण म्हणाली की काचेवर पाणी जमलंय म्हणजे वाफ बाहेर निघतेय, हात लावून पाहिलं तर एका कोपऱ्यातून ऊन ऊन हवा येत होती. दुसऱ्या दिवशी त्या फटीला कणकेची पट्टी लावली, ॲल्युमिनियमचा डबा बाहेरून काळा केला, आणि दर अर्ध्या तासानं खोका उन्हाकडे फिरवायची ड्युटी लावली. साडेबाराला थर्मामीटर ९४ वर. एकला भात झाला. ११ पोरींनी दोन दोन घास खाल्ला, मीठसुद्धा नव्हतं त्यात, कुणाला आठवलंच नाही.

आमच्याकडच्या मुली रोज सरपणाला जातात. त्यातली एक तासभर त्या खोक्याजवळ बसून होती. चूल फुंकायची नाही, डोळे चुरचुरत नाहीत, हे तिला नुसतं बसून पाहायचं होतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, हे पावसाळ्यात होणार नाही, ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीनंतर करा. आणि झाकणाच्या चकाकीकडे पोरांनी सरळ बघायचं नाही.

अभ्यासू बाप (१ जुलै, सकाळी ७:३०)

सर्वांचा आदर ठेवून विरोधी मत मांडतो. माझा मुलगा आठवीत आहे. शिष्यवृत्ती, एनएमएमएस, पुढे नवोदय-सीईटी सगळं डोक्यावर. प्रयोगात महिना गेला की अभ्यासक्रम मागं पडतो, मग जानेवारीत धडे पळवतात. हेच दाखवायचं तर तयार किट मिळतात, एका तासात होतं. भंगार उपसण्यात वेळ कशाला?

बुलढाण्याची लेक (१ जुलै, सकाळी ११:१५)

मलाही भंगाराबद्दल बोलायचंय, पण वेगळं.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर सायकलवर भंगार गोळा केलं. शाळेत मला त्यावरून जे ऐकावं लागलं ते आता इथं लिहीत नाही. त्यामुळे "पोरांनो, घरोघर फिरून भंगार आणा" असं कुठल्या गुरुजींनी सांगितलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. चांगल्या घरच्या पोराला ती गंमत असते. ज्याच्या घरी तोच धंदा आहे त्याला नाही.

पण दुसरी बाजू पण सांगते. माझ्या वडिलांना डोळे मिटून हातात दिलं तरी तांबं, पितळ, ॲल्युमिनियम कळायचं. वजनावरून, थंडाव्यावरून, नाण्यानं वाजवून. लोखंड वेगळं काढायला त्यांच्या सायकलीला स्पीकरचं चुंबक दोरीनं बांधलेलं असायचं. हे सगळं विज्ञानच होतं ना? एकाही मास्तरांनी त्यांना कधी वर्गात बोलावलं नाही. गुरुजी, तुमच्या गावात असा कुणी असेल तर त्याला बोलवा, खुर्ची द्या, आणि पोरांसमोर शिकवू द्या. पोरांना गोणी देऊन पाठवू नका.

झेडपी गुरुजी (१ जुलै, दुपारी ४:३०)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी खरंच पोरांना घरोघर पाठवणार होतो. आता नाही. भंगारभौ सामान देतायत, आणि आमच्या गावात फेरी मारणारे एक काका आहेत त्यांना या शनिवारी वर्गावर बोलावतो. तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या ध्यानात आलं नसतं.

अभ्यासू बाप, किटबद्दल मी पण विचार केला होता. अडचण अशी की किटमध्ये सगळं आधीच बरोबर असतं. कणकेची पट्टी लावायची वेळच येत नाही. आणि दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये हरित ऊर्जेवर आख्खा धडा आहे, तो आत्ता हातानं केला तर तेव्हा पाठ करावा लागणार नाही.

भंगारभौ (१ जुलै, संध्याकाळी ६:००)

बुलढाण्याच्या ताई, माझा बापही सायकलीवरच फिरे. मी तुमची पोस्ट घरी वाचून दाखोली.

वर्धेकर (१ जुलै, रात्री ९:२०)

आपण हे नवं काहीतरी म्हणून बोलतोय, पण ही कल्पना विदर्भाच्याच मातीतली आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष, त्यातून झाकीर हुसेन समिती आणि पुढे नई तालीम. म्हणणं एवढंच, की हाताचं काम हा शाळेतला जोडविषय नाही, गणित-विज्ञान-भाषा त्या कामातूनच शिकायची. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू आहे, कुणाला जमलं तर जाऊन बघा.

आणि ऊर्जेपुरतं बोलायचं तर वर्ध्यातलीच मगनवाडी. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं ग्रामोद्योगाचं काम बघायचे. कोळसा-पेट्रोल म्हणजे भरून ठेवलेली टाकी, उपसली की संपली, आणि झरा वाहता असतो, तो वापरून संपत नाही, असा फरक त्यांनी तेव्हाच मांडला होता. रॉकेल बाहेरून आणण्यापेक्षा गावच्या तेलावर जळणारा मगनदीप तिथं तयार झाला. मगन संग्रहालय १९३८ चं, आजही उघडं आहे, सहल न्यायला एक नंबर जागा.

अभ्यासू बाप (१ जुलै, रात्री १०:००)

आदर्श म्हणून ठीक. पण मार्क विचारले जातात, मगनदीप नाही.

वाशीमचा मामा (२ जुलै, सकाळी ८:१०)

थोडं अवांतर. भाचा नववीत आहे, त्यानं मोबाईलवर फ्री एनर्जीचा व्हिडीओ पाह्यला. एक मोटर, तिच्या पट्ट्यावर दुसरी मोटर, दुसरी वीज तयार करते आणि तीच वीज पहिलीला चालवते. एकदा हातानं धक्का दिला की कायम चालू. प्रदर्शनात तेच करायचं म्हणतो. होते का असं?

वायरमन दादा (२ जुलै, सकाळी ९:००)

होत नाही. व्हिडीओत कुठंतरी सेल लपलेला असतो, गुरुजींच्या डोंगरासारखा. पण भाच्याला नाही म्हणू नका मामा, करू द्या. पहिल्या मोटरला दोन सेल लावा, म्हणजे ३ व्होल्ट. पट्टा लावून दुसऱ्या मोटरचं व्होल्टेज मोजा, दीड-दोनच्या आसपास भरेल. मग तिला दिवा जोडून परत मोजा, आणखी खाली येईल. उरलेलं कुठं गेलं ते त्यालाच शोधू द्या. मोटरीला हात लावला की गरम लागते, पट्टा घासतो, आवाज येतो. तिकडंच गेलं.

काटोलचा संत्रा (२ जुलै, सकाळी ९:३५)

+१. आणि मामा, हाच त्याचा प्रकल्प होऊ द्या. "फ्री एनर्जी यंत्र का चालत नाही, मोजून पाहिलेलं." प्रदर्शनात दरवर्षी ते यंत्र दोन-तीन तरी असतात, त्यांच्या शेजारी हा उभा राहिला तर परीक्षकांना पण विचार करावा लागेल.

लिंबाच्या बॅटरीचंही तसंच आहे. वीज लिंबू देत नाही, जस्त झिजतं त्यातून येते. लिंबात खोचलेला जस्ताचा खिळा आधी आणि नंतर बारीक काट्यावर तोलून बघा.

चांदा टू बांदा (२ जुलै, दुपारी १२:४०)

चंद्रपूरहून. आमच्याकडं महाऔष्णिक केंद्र आहे २९२० मेगावॅटचं, माझ्या घरातले दोघं तिथं लागून आहेत. एक युनिट विजेला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. मी पोरांना सायकलवर बसवून हिशोब करायला लावतो. साधा धडधाकट माणूस बराच वेळ टिकून साधारण ७५ वॅटनं पायडल मारू शकतो. युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. म्हणजे एका युनिटसाठी १३ तासांच्या वर पायडल, तेही काही वाया गेलं नाही तर. मग टेबलावर तेवढा कोळसा ठेवतो, दोन मुठी. शेजारी सायकल. वर्गात काही बोलावं लागत नाही.

एक विनंती, कोळसा वाईट, कोळसेवाले वाईट असं शिकवू नका. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप खाणीत किंवा केंद्रात आहेत. त्यांच्या घामावरच आजवर दिवे लागलेत.

कास्तकार (२ जुलै, दुपारी २:३०)

माझ्या वावरात पाच एचपीचा सौर पंप बसला. मले एक कोडं हाय, मे महिन्यात ऊन एवढं आग ओकते तरी पाणी फेब्रुवारीपेक्षा कमीच येते. मी म्हणलं पंपच खराब दिला. गुरुजीच्या पोट्ट्यायनं सांगावं.

काटोलचा संत्रा (२ जुलै, दुपारी ३:१५)

काका भारी प्रश्न. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंशाला मोजलेले असतात. त्याच्या वर दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास ताकद घटते. मे मध्ये पॅनल ६५ अंशावर गेलं तर ४० अंश जास्त, म्हणजे १६ टक्के तिथंच गेले. शिवाय तेव्हा विहिरीचं पाणी खोल जातं आणि पॅनलवर धूळ. पंप बिचारा बरोबर असेल.

गुरुजी हे पोरांना करता येईल. बागेतल्या सोलर दिव्यांची छोटी पॅनलं भंगारात येतात. एकसारखी दोन घ्या, मीटरवर व्होल्टेज बघा, मग एकावर पाठीमागून ओला फडका ठेवा. थंड झालेल्याचं व्होल्टेज वर चढताना दिसतं. तसंच एक आठवडाभर पुसायचं नाही, दुसरं रोज पुसायचं, आणि करंट मोजायचा.

चांदा टू बांदा (२ जुलै, दुपारी ३:४०)

आमच्याकडं आठवडा लागत नाही, कोळशाची धूळ दोन दिवसात दाखवते.

मोहफूल (३ जुलै, सकाळी १०:००)

गोबरगॅस कुणीच काढला नाही? वीस लिटरची पाण्याची कॅन, अर्धं शेण अर्धं पाणी, वर नळी, नळी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये. आम्ही केलं. ट्यूब चौथ्या दिवशीच फुगली, पोरांनी काडी लावली, विझली. पुन्हा लावली, विझली. नंतर कळलं की पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, तो सोडून द्यायचा. तीन आठवड्यांनी निळी ज्योत आली. थंडीत फार हळू चालतं, आता पावसाळी उकाड्यात लावा. काडी नेहमी उघड्यावर, कॅनपासून लांब, आणि मोठ्या माणसाच्या हातानं. काचेच्या बाटलीत अजिबात करू नका.

सावजी रस्सा (३ जुलै, सकाळी १०:१०)

वासाचं काय? 😄

मोहफूल (३ जुलै, सकाळी १०:१५)

गोठ्यातून येणाऱ्या पोरांना वास येत नाही भाऊ, तो फक्त केंद्रप्रमुखांना आला.

झेडपी गुरुजी (१९ ऑक्टोबर, रात्री ८:३०)

धागा वर काढतोय. साडेतीन महिन्यांचं सांगायचं राहिलंय.

भंगारवाले काका जुलैत आले. आधी आत यायला तयार नव्हते, दारातच उभे. मग खुर्चीवर बसले ते दीड तास उठले नाहीत. चुंबकानं, नाण्यानं, वजनानं धातू ओळखायला शिकवलं. त्यांचा नातू सहावीत आहे, तो त्या दिवशी पहिल्या बाकावर बसला होता.

प्रिंटरच्या मोटरी सगळ्या ४१ जणांच्या हातून फिरल्या. लाल-हिरवा पहिल्याच दिवशी.

गोबरगॅस फसला. झाकण नीट बसलं नव्हतं. पुन्हा लावलाय.

सूर्यचूल मागच्या आठवड्यात केली, ताईंच्या पद्धतीनं. ८८ अंशापर्यंत गेली. अंडी झाली, भात अर्धवट.

आता पवनचक्की. पोरांनीच हट्ट धरला. १५ लिटरचा गोल डबा उभा चिरला, दोन अर्धे समोरासमोर पण थोडे सरकवून लावले, इंग्रजी एस सारखे. (सॅव्होनियस नावाच्या फिनलंडच्या इंजिनियरनं शंभर वर्षांपूर्वी काढलेली रचना, वारा कुठूनही आला तरी फिरते.) धुऱ्यावर बांबूला बांधली. छान फिरली. मोटर जोडली, आणि थांबली. आठ दिवस तशीच उभी. मोटर मोकळी असताना फिरवली की बोटाला बारीक बारीक गचके लागतात, आतल्या चुंबकाचे, तेवढ्या वाऱ्याला ते गचके ओलांडता येत नव्हते. हे मी नाही सांगितलं. त्याच मुलीनं, जी आता आठवीत आहे, बोट लावून शोधलं. मग तिच्या गटानं दुसरा डबा पहिल्यावर आडवा फिरवून बसवला, म्हणजे एक झोपला की दुसरा ओढतो.

२३ ऑगस्टला संध्याकाळी पाऊस चालून आला, वारा सुटला. मी घरी होतो. दोघी पोरी धावत बोलवायला आल्या. जाईपर्यंत पाऊस लागला होता. तिच्या वहीतलं जसंच्या तसं लिहितो: "५ वाजून ४० मिनिटे. लाल लागला. पांढरा नाही लागला. लाल विझला. परत लागला. सर आले तेव्हा बंद होता."

तिला आता पांढरा पेटवायचाय. लालला दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीन लागतात, हे मी सांगितलंय. ती म्हणते मग डब्याला सायकलचं चाक लावू आणि चाकावर छोटी मोटर टेकवू, कारण चाक मोटरीच्या दांड्यापेक्षा ६५ पट मोठं आहे, तिनं दोरीनं मोजलं. २६ इंची सायकलचं पुढचं चाक पाहिजे, हब जाम नसलेलं. रिंग वाकडी असली तरी चालेल.

वाशीमचा मामा (१९ ऑक्टोबर, रात्री ८:५०)

गुरुजी त्या पोरीले माझा नमस्कार सांगा. भाच्याचं यंत्र १.७ व्होल्टवर थांबलं, तो वही घेऊनच प्रदर्शनाले जाऊन राहिला.

अभ्यासू बाप (१९ ऑक्टोबर, रात्री ९:२०)

वहीचा त्या पानाचा फोटो टाकता येईल का? मुलाला दाखवायचा आहे.

काटोलचा संत्रा (१९ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

६५ पट बरोबर आहे, दांडा १० मिलिमीटरचा असेल तर. चाकाला आधी हातानं सेकंदाला एक फेरा द्यायला सांगा. मोटर मिनिटाला ३९०० फिरेल, पांढरा लागायला हवा. वाऱ्याचं नंतर बघू.

भंगारभौ (१९ ऑक्टोबर, रात्री ९:४५)

चाक हाय. हबले ग्रीस लावून ठेवतो. सोमवारी यवतमाळले येऊन राहिलो, बस स्टँडवर अकरा वाजता. पोरीले घेऊन या, दोन-तीन चाकं आणतो, तिले पाह्यजे ते तिनंच निवडावं.